काटा आणि कान

‘सेन्सर गेलाय, मिस्त्री. येताना नवा घेऊनच या.’

पोकलेनच्या मालकांचे फोन हल्ली असेच सुरू होतात. मशीनला काय होतंय हे कळायच्या आधीच काय बदलायचं ते ठरलेलं असतं. त्यांच्या घाईमागे कारण आहे. हायवा ट्रक रांगेत उभे असतात, तासाचं भाडं बुडत असतं, मुकादम दर दहा मिनिटांनी फोन करत असतो. मॉनिटरवर एक कोड येतो, ऑपरेटर त्याचा फोटो पाठवतो आणि कोडच्या यादीत त्यापुढे ‘इंजिन स्पीड सेन्सर’ असं लिहिलेलं सापडतं. मग कुणालाही वाटेल की दोष सापडला.

माझ्या मते इथेच निम्मी कामं बिघडतात. कोड फक्त एवढंच सांगतो की इंजिनाच्या वेगाचा निरोप कंट्रोलरला नीट पोचत नाही. निरोप पाठवणारा आजारी आहे, वाट तुटली आहे, घेणाऱ्याला ऐकू येत नाही, की निरोप खरा आहे आणि इंजिनच तसं फिरतंय, हे शोधायचं काम अजून व्हायचं असतं. नव्या मशीनचे कोड थोडं जास्त बोलतात. ‘जे-१९३९’ (J1939) नावाच्या कोडपद्धतीत १९० हा आकडा इंजिनाच्या वेगाचा. त्याच्या जोडीला २ आला तर संकेत अधूनमधून गडबडतोय, ५ आला तर वायर किंवा कॉइल तुटल्यासारखी वाटते, ८ आला तर येणाऱ्या ठोक्यांची लय बरोबर नाही. पण हा दुसरा आकडा फोटोत बहुतेक वेळा कापला जातो, कारण पाठवणाऱ्याला तो महत्त्वाचा वाटत नाही. मी आता फोनवर आधी तोच विचारतो.

हा सेन्सर दिसायला अगदी साधा. अंगठ्याएवढा जाड, आटे पाडलेला धातूचा दांडा, मागे दोन वायरी. इंजिन आणि हायड्रॉलिक पंप जिथे जोडले जातात तिथे फ्लायव्हीलच्या हाउसिंगमध्ये एक भोक असतं, त्यात तो घट्ट बसवलेला असतो. आत लोहचुंबक, त्यापुढे मऊ लोखंडाचा खिळा आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. समोरून रिंग गिअरचा दात गेला की चुंबकाचं क्षेत्र बदलतं, दातांमधली खाच आली की पुन्हा बदलतं, आणि वेढ्यांत वीज उमटते. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये जे दाखवून दिलं तेच हे, तसूभरही वेगळं नाही. बाहेरून वीजपुरवठा लागत नाही. चाक फिरलं की सेन्सर बोलतो, थांबलं की गप्प.

हिशेबही सोपा. समजा रिंग गिअरला १२० दात आहेत आणि इंजिन १८०० आरपीएमवर चाललंय. म्हणजे सेकंदाला ३० फेरे, म्हणजे सेकंदाला ३६०० दात. कंट्रोलर हे ठोके मोजतो आणि त्यावरून वेग काढतो. म्हणून ज्या मशीनवर जुन्या बाजारातून आणलेलं दुसरं इंजिन चढवलंय, तिथे दातांची संख्या वेगळी असेल तर मॉनिटरवरचा वेग कायम एकाच प्रमाणात चुकतो, कमी वेगावरही आणि जास्त वेगावरही. असं दिसलं की सेन्सरला हात लावायचा नाही, दात मोजायचे.

हा वेग कंट्रोलरला हवा कशाला, हे मात्र बरेच ऑपरेटर विचारतात, आणि विचारावंच. पोकलेनमध्ये इंजिन माती खोदत नाही. इंजिन पंप फिरवतं, पंप तेल ढकलतो, तेलाने बूम, आर्म आणि बकेट हलतात. बकेट कठीण मुरमात रुतली की तेलाचा दाब चढतो आणि पंप इंजिनाला ओढायला लागतो. पंपाने प्रवाह कमी केला नाही तर इंजिन दबतं, काळा धूर काढतं आणि बंद पडतं. म्हणून कंट्रोलर दोन आकडे सतत ताडून पाहतो: ऑपरेटरने डायलवर मागितलेला वेग आणि फ्लायव्हीलवरून आलेला खरा वेग. खरा वेग ठरलेल्यापेक्षा खाली आला की तो एका सोलेनॉइडला वीज कमीजास्त करतो, पंपाच्या आतल्या तिरप्या तबकडीचा कोन कमी होतो, ओढ हलकी होते आणि इंजिन पुन्हा वर येतं. हे सारं ऑपरेटरच्या हाताला जाणवायच्या आत घडतं. हिताचीच्या मशीनवर काम करणारे याला ‘स्पीड सेन्सिंग’ म्हणतात आणि या सेन्सरला ‘एन सेन्सर’. इंजिन थकलेलं असो, डिझेल हलकं असो किंवा साईट घाटमाथ्यावर असो, खऱ्या वेगाकडे बघून पंप स्वतःला सावरत राहतो. मला ही रचना फार आवडते. इंजिनाची ताकद किती उरली आहे याचा अंदाज न बांधता ती दर क्षणी त्यालाच विचारून काम करते.

हा निरोप थांबला की कंट्रोलर सावध होतो. खात्री नाही म्हणून तो पंपाला एका ठरलेल्या, कमी ओढीवर ठेवतो. मशीन चालतं, पण सुस्त. ऑपरेटर म्हणतो, ‘जान नाही राहिली’. जुन्या पद्धतीच्या इंजेक्शन पंपाचं इंजिन असेल तर एवढ्यावरच भागतं, कारण त्या पंपातला गव्हर्नर आपला वेग आपणच सांभाळतो. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला फिरते गोळे बसवले, त्याच घराण्यातली फिरती वजनं त्याच्या पोटात असतात आणि त्यांना विजेची गरज नसते. कॉमन रेल इंजिनाचं तसं नाही. तिथे डिझेल कधी आणि किती फवारायचं हे कंट्रोलर क्रँकची जागा बघून ठरवतो. त्याचं निरोपावाचून पानही हलत नाही. म्हणून ‘सेन्सर गेला’ हे वाक्य ऐकलं की माझा पहिला प्रश्न असतो, इंजिन कोणतं? जुन्या इंजिनावर या तक्रारीचा अर्थ सुस्ती, नव्यावर सेल्फ फिरतोय पण इंजिन पकडत नाही.

साईटवर गेल्यावर मी आधी कान लावतो. टूलबॉक्स गाडीतच राहतो. ऑपरेटरला मशीन सपाट जागी घ्यायला लावतो, आणि बकेट पूर्ण आत ओढून आर्म शेवटापर्यंत दाबून धरायला सांगतो, म्हणजे दाब चढून तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून जातं आणि पंपाची पूर्ण ओढ इंजिनावर येते. त्या वेळी एक डोळा मॉनिटरवरच्या वेगाच्या काट्यावर आणि कान इंजिनावर. काटा पडला आणि आवाजही पडला, तर निरोप खरा आहे, इंजिनच दबतंय. काटा पडला पण आवाज जागचा हलला नाही, तर निरोप खोटा आहे. सेन्सर, वायर किंवा कपलर यांतच कुठेतरी शोधायचं. दोन्ही जागेवर राहिले आणि तरी काम हळू होतंय, तर सेन्सरचा नाद सोडून पंपाकडे आणि सोलेनॉइडकडे वळायचं. बंद केबिनमध्ये एसीच्या घरघरीत कानावर विसंबता येत नाही. तेव्हा क्रँकच्या पुलीवर चकाकत्या पट्टीचा तुकडा चिकटवून फोटो टॅकोमीटरने बाहेरून वेग मोजायचा. हे यंत्र आता फार महाग नाही, आणि माझ्या मते मल्टिमीटरनंतर मेकॅनिकने घ्यावी अशी ही दुसरी वस्तू.

काटा आणि आवाज दोन्ही पडण्याचा पहिला प्रकार सर्वांत जास्त भेटतो, आणि त्यात सेन्सर विनाकारण बदलले जातात. साईटवर डिझेल बॅरलमधून येतं. बॅरल उन्हापावसात उघडं पडलेलं, पंप लावताना नळीचं तोंड मातीत टेकलेलं. फिल्टर चोंदतो, वॉटर सेपरेटरच्या वाटीत पाणी साचतं. जोर लागला की इंजिनाला डिझेल पुरत नाही आणि वेग खरोखर पडतो. सेन्सर इमानाने ते कळवत राहतो आणि त्यालाच काढून फेकतात. नव्या सेन्सरनेही तेच सांगितलं की ‘डुप्लिकेट निघाला’ म्हणून तिसरा मागवतात. वेग खाली आलेला दिसणं आणि वेग चुकीचा दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा एवढा फरक समजला तर बाजारातले कितीतरी सेन्सर खोक्यातच राहतील.

दुसऱ्या प्रकाराची एक गोष्ट सांगतो. बीड जिल्ह्यात आष्टीकडे एका पाझर तलावाचा गाळ काढायचं काम चाललं होतं. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ मध्ये सुरू झाल्यापासून दर उन्हाळ्यात अशी कामं निघतात, आणि त्यांना पावसाची मुदत असते. पहिला मोठा पाऊस झाला की तळ्यात मशीन उतरत नाही. गाळ न्यायला शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर पहाटेपासून बांधावर थांबलेले. मशीन वीस टनी, जुन्या पद्धतीच्या इंजिनाचं. सकाळी छान चालायचं, दुपार झाली की मध्येच बूम जड व्हायचा, काही सेकंदांत पुन्हा मोकळा. ऑपरेटर झारखंडचा, हाताला हलका, शब्दाला पक्का. तो म्हणाला, ‘उस्ताद, आवाज नहीं गिरता, सिर्फ काम गिरता है.’ निदानाचा अर्धा भाग त्यानेच करून दिला. सेन्सर आधी कुणीतरी दोनदा बदलून गेलं होतं. दोन्ही जुने सेन्सर त्याने सीटमागे जपून ठेवले होते. मी दोन्ही मीटरवर धरले. दोन्ही चांगले होते.

मग वाट तपासायची. ज्या सेन्सरची कॉइल धड आहे त्याच्या दोन वायरींत बहुतेक मशीनवर ५०० ते १००० ओहम मिळतात, आणि कोणतीही वायर आणि बॉडी यांच्यामध्ये काहीच मिळू नये. इंजिन तापल्यावर हा आकडा वाढतो, यात बिघाड नाही. तांब्याचा अवरोध तापमानाबरोबर वाढतोच. थंड असताना ७०० दाखवणारी कॉइल इंजिन ६० अंशांनी तापल्यावर ८६० च्या आसपास जाते. मात्र तापल्यावर आकडा एकदम अनंताकडे पळाला तर वेढा आतून तुटलाय. म्हणून दुपारी बिघडणाऱ्या मशीनचा सेन्सर सकाळी मोजून पास करण्यात अर्थ नाही, बिघडलेल्या वेळीच मोजायला हवा. तळ्याच्या काठावर आम्ही दुपारची वाट पाहिली. मशीन सुस्त झालं तसं सेन्सरच्या कपलरपाशी मागून सुया घालून मीटर एसी व्होल्टवर लावला: व्होल्टेज भरपूर आणि स्थिर. तोच मीटर केबिनमध्ये सीटमागच्या कंट्रोलरपाशी लावला: आकडा येतोय, जातोय. म्हणजे बोलणारा ठीक, ऐकणाराही ठीक, वाट मध्येच कुठेतरी तुटतेय.

अशी वाट शोधताना मी नेहमी मधोमध घाव घालतो. पूर्ण हार्नेस उघडत बसलं तर दिवस जातो. मधल्या कपलरवर संकेत आहे का, बघायचं. असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या. मग त्या अर्ध्याचा पुन्हा अर्धा. तसं करत आम्ही इंजिनावरून चॅसिसवर येणाऱ्या पहिल्या क्लँपपाशी पोचलो. बाहेरून वायर अगदी शाबूत. पण ती दोन्ही हातांत धरून हलकेच ओढली तेव्हा एका जागी रबराचं आवरण ताणलं गेलं. आतलं तांबं धड असेल तर आवरण ताणलं जात नाही. तिथे तार आत तुटलेली होती, टोकं एकमेकांना टेकून होती, गरम झाली आणि हादरली की सुटायची.

पण मला इथे थांबायचं नव्हतं, कारण क्लँपपाशी तार का तुटली? इंजिन रबरी माऊंटवर बसलेलं असतं आणि चॅसिसपेक्षा वेगळं थरथरतं. जिथे वायर एकावरून दुसऱ्यावर जाते ती जागा दोन्हींकडून वाकते. या मशीनचं मागचं एक माऊंट चेपून सपाट झालं होतं. इंजिन हवं त्यापेक्षा किती तरी जास्त हलत होतं. वायर जोडून दिली असती तर पुढच्या हंगामात तीच वायर दुसऱ्या जागी तुटली असती. मालकाने माऊंटं मागवली, वायर बदलली, क्लँपपाशी थोडी ढील ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारीही ट्रॅक्टर भरत होते.

या वायरींबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती साईटवर कुणी पाळत नाही. सेन्सरच्या दोन वायरी कंपनीतून एकमेकींभोवती पिळून आलेल्या असतात, बऱ्याचदा त्यावर जाळीही असते. हे शोभेसाठी नसतं. सेन्सरचा संकेत सेल्फच्या वेळी एखाद्या व्होल्टचा असतो आणि शेजारून अल्टरनेटरची जाड केबल जात असते. पिळलेल्या दोन्ही वायरींवर बाहेरचा त्रास सारखाच पडतो आणि कंट्रोलर दोन्हींतला फरक मोजत असल्याने तो त्रास एकमेकांत मिटतो. कुणीतरी मध्येच साधी हॉर्नची वायर जोडून, काळी चिकटपट्टी गुंडाळून, अल्टरनेटरच्या केबलला बांधून टाकतं. मग मॉनिटरवर वेग एकदम २५०० च्या वर उडतो, दिवे लावले की बदलतो, एसी चालू केला की बदलतो. हा दोष मी अनेकदा पाहिलाय. प्रत्येक वेळी सेन्सर नवाच असतो. जोडायचीच असेल तर पिळलेली वायर घ्यावी, जोड सोल्डर करून आकसणारी नळी घालावी, जाळी एकाच टोकाला अर्थ करावी.

आणि मीटरविषयी. स्वस्त मल्टिमीटर एसी व्होल्टेज बहुधा चार-पाचशे हर्ट्झपर्यंतच खरं दाखवतात. पूर्ण वेगावर आपला संकेत तीन हजारांच्या वर असतो, तेव्हा तो मीटर कमी आकडा दाखवून चांगल्या सेन्सरला नापास करू शकतो. सेल्फ फिरवताना वेग दीडशे-दोनशे आरपीएम, म्हणजे वरच्याच हिशेबाने तीनशे-चारशे हर्ट्झ. तिथे हा मीटर इमानदार असतो. म्हणून ज्याच्याकडे साधाच मीटर आहे त्याने सेल्फच्या वेळचं रीडिंग घ्यावं. जिथे तेही फसवं वाटतं तिथे हातात मावणारा ऑसिलोस्कोप. त्यावर दाताची लाट डोळ्यांना दिसते: एखादा दात सेल्फच्या पिनियनने तुटला असेल तर दर फेऱ्याला एक लाट बुटकी दिसते, आणि तुटलेल्या दाताचा दोष सेन्सरला लावण्याचा प्रश्नच उरत नाही.

सेन्सर आणि दात यांतलं अंतर हा आमच्या कामातला सर्वांत नाजूक भाग. अंतर वाढलं की संकेत बारीक होतो, आणि तो आधी कमी वेगावर हरवतो. सेल्फच्या वेळी शून्य, इंजिन चालू झालं की आकडा येतो. हीच तक्रार टोकावर लोखंडाचा कीस साचला तरी येते. टोक चुंबकाचं, आणि सेल्फचं पिनियन रोज रिंग गिअरवर आदळतं. पंपाच्या कपलिंगचं रबर झिजून त्याची काळी भुकटीही त्यात मिसळते. सेन्सर काढला की टोकावर मिशी उगवलेली दिसते. ती पुसून, जागेवर बसवून कित्येक मशीनं सुरू झाली आहेत. बसवण्याची पद्धत मॉडेलप्रमाणे बदलते, मॅन्युअल बघावंच. पण आट्यांच्या सेन्सरची सर्वसाधारण रीत अशी की टोक दाताला टेकेपर्यंत हाताने फिरवत न्यायचं, मग अर्धा ते एक फेरा मागे घेऊन नट आवळायचा. आटे दीड मिलिमीटरचे असतील तर एक फेरा म्हणजे दीड मिलिमीटर. यात एक सापळा आहे. भोकासमोर दात नसून खाच आली असेल तर टोक खाचेत उतरतं, आपल्याला वाटतं टेकलं, आणि सेल्फ मारताच येणारा दात ते कापून टाकतो. म्हणून आधी टॉर्चने भोकात पाहायचं, गरज असेल तर पुलीच्या बोल्टला पाना लावून क्रँक थोडा फिरवायचा, दात बरोबर समोर आणायचा. आणि हे करताना चावी आपल्या खिशात, सेफ्टी लिव्हर लॉक, बकेट जमिनीवर. आत माणसाचं बोट आहे हे केबिनमधल्याला दिसत नाही.

कॉमन रेल इंजिनांनी आमच्या पिढीला पुन्हा शिकायला बसवलं. तिथे क्रँकवर एक आणि कॅमवर एक असे दोन सेन्सर असतात. फिरत्या चाकावरच्या खुणांत मुद्दाम जागा मोकळ्या सोडलेल्या असतात, उदाहरणार्थ साठातल्या दोन. त्या मोकळ्या जागेवरून कंट्रोलर क्रँक नेमका कुठे आहे ते ओळखतो. इथे दोन वायरींचा सेन्सर उलटा जोडला तर वेग दिसतो पण जागा चुकते. बरेचसे सेन्सर तीन वायरींचे, हॉल परिणामावर चालणारे असतात. एडविन हॉलने हा परिणाम १८७९ मध्ये शोधला. त्यांना बाहेरून वीज लागते, बहुधा ५ व्होल्ट. त्यांना ओहमवर मोजून काही कळत नाही, मीटरच्या विजेने उलट अपाय होऊ शकतो. तरी रोज कुणीतरी मोजतं, कारण जुन्या सेन्सरची सवय.

कोकणात मुंबई–गोवा महामार्गाच्या रुंदीकरणावर भर पावसात एक मशीन असं उभं राहिलं होतं. सेल्फ जोरात, धूर अजिबात नाही, सेल्फच्या वेळी मॉनिटरवर वेग शून्य. नवा क्रँक सेन्सर बसवूनही शून्यच. चावी चालू करून कपलरमध्ये ५ व्होल्टची वायर मोजली तर एक व्होल्टही नव्हता. काही इंजिनांत हे ५ व्होल्ट एकाच तारेने अनेक सेन्सरांना वाटलेले असतात. त्यांतला एक शॉर्ट झाला की सगळे उपाशी. मग त्या तारेवरचे कपलर एकेक करून काढत गेलो आणि मीटर बघत राहिलो. तेलाच्या दाबाच्या सेन्सरचं कपलर काढताच ५ व्होल्ट परत आले. त्यात पाणी शिरून पिना हिरव्या पडल्या होत्या. आदल्या दिवशी मशीन प्रेशरच्या पाण्याने धुतलं होतं. क्रँक सेन्सरला काहीही झालेलं नव्हतं.

कंट्रोलर जपण्याबद्दल माझं एक मत आहे, आणि ते साईटवरच्या वेल्डरांना आवडत नाही. खाणीत बकेटचे दात आणि कडा झिजतात, त्यामुळे वेल्डिंग सतत चालू. बॅटरीचं कनेक्शन न काढता, अर्थचा चिमटा चेनला लावून बकेटवर वेल्डिंग करणारे खूप आहेत. मग वेल्डिंगचा करंट बकेटपासून चेनपर्यंत पूर्ण मशीनमधून वाट काढतो, पिना आणि स्विंग बेअरिंग यांतून, आणि कधी कंट्रोलरमधूनही. चिमटा वेल्डिंगच्या जागेशेजारीच लावायचा, बॅटरी सोडायची, मॅन्युअल सांगत असेल तर कंट्रोलरचे कपलरही काढायचे. याला दहा मिनिटं लागतात. कंट्रोलर बदलायचा झाला तर त्या किमतीत कित्येक डझन सेन्सर येतील.

नव्या मुलांना मी शिकवतो तेव्हा कोडची यादी शेवटी देतो. आधी त्यांना मशीनच्या शेजारी उभं करून डोळे मिटायला सांगतो आणि वेग ओळखायला लावतो. आयडल कितीवर, ऑटो आयडलने वेग कधी उतरला, आर्म दाबल्यावर किती दबला. सुरुवातीला अंदाज पार चुकतात. हळूहळू कान बसतो. ऑपरेटरांचा तर बसलेलाच असतो. आष्टीच्या त्या ऑपरेटरला कोडचा अर्थ माहीत नव्हता, पण आवाज पडत नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. मेकॅनिक त्याच्याशी न बोलता थेट बॉनेट उघडतो तेव्हा हातात असलेली सर्वांत चांगली माहिती तो फेकून देतो.

मशीनमालकांना माझं एवढंच सांगणं आहे. सेन्सर बदलायला कुणी आलं तर त्याला बिलावर तीन आकडे लिहून मागा: जुन्या सेन्सरचा अवरोध, सेल्फच्या वेळचं व्होल्टेज, आणि तेच व्होल्टेज कंट्रोलरच्या टोकाला. तीन वायरींचा असेल तर ५ व्होल्टचं रीडिंग. ज्याने मोजलंय तो हे आनंदाने लिहील. आणि जुना सेन्सर त्याला परत नेऊ देऊ नका. तारीख लिहून सीटमागे ठेवा, पुढच्या मेकॅनिकला तो लागेल.